डेरियन : अठरा सह्या आणि तेरा पाने

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात 159 काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे काय, हे मुलांना समजावताना मी सांगतो की, आपल्या जिल्ह्यापेक्षा लहान आणि तालुक्याच्या जवळपासचे असे ते एक प्रशासकीय क्षेत्र असते. प्रत्येक काउंटीचे एक मुख्य ठिकाण असते. कोर्ट तिथे, जमिनीचे दस्त तिथे, तुरुंग तिथे. शेरिफ, म्हणजे लोकांनी निवडून दिलेला पोलिसप्रमुख, तोही तिथेच बसतो. काउंटीचे निवडून आलेले कमिशनर तिथल्याच सभागृहात ठराव करतात. आपल्याकडे माणूस दाखल्यासाठी, फेरफारासाठी, तारखेसाठी जसा तालुक्याला जातो, तसा तिकडचा माणूस या गावी येतो.

मॅकिन्टॉश काउंटीचे असे ठिकाण म्हणजे डेरियन. अटलांटिक किनाऱ्याजवळ, सव्हाना शहराच्या दक्षिणेला सुमारे शंभर किलोमीटरवर. 2020 च्या जनगणनेत तिथे दीड हजाराच्या आसपास लोक होते. आपल्या दृष्टीने ते शहर नव्हे, बऱ्यापैकी खेडेच. जगाच्या नकाशावर त्याचे नाव शोधावे लागते. पण अमेरिकेतल्या गुलामगिरीचा आणि तिथे नेलेल्या आफ्रिकी मुसलमानांचा विचार करायचा झाला, तर या एवढ्याशा गावात जे सापडते, ते मोठमोठ्या शहरांत सापडत नाही. म्हणून वाचकांना आज तिकडे नेतो.

आधी जमीन पाहू

डेरियन अल्टमहा नदीच्या उत्तर काठावर आहे. ओकोनी आणि ओकमल्गी या दोन नद्या जॉर्जियाच्या मध्यभागी एकत्र येतात आणि त्यांची अल्टमहा होते. तिथून सुमारे सव्वादोनशे किलोमीटर वाहत ती समुद्राला मिळते. मुखाशी तिचे अनेक फाटे होतात आणि फाट्यांमध्ये सखल, चिखलाची बेटे तयार होतात. पुढे खारट दलदलीचा रुंद पट्टा लागतो. आपल्या कोकणात खाडीकाठी कांदळवन असते, तिथे त्याऐवजी छातीइतके उंच गवत वाढते. हे गवत उन्हाळ्यात हिरवेगार आणि थंडीत सोनेरी दिसते. या पट्ट्यापलीकडे समुद्राच्या तोंडावर वाळूची मोठी बेटे आहेत. त्यांपैकी एक सॅपेलो. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा फरक सहा ते आठ फुटांचा असतो. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर इतकी मोठी भरती दुसरीकडे क्वचितच येते. भूगोलाच्या पुस्तकात हे वाक्य एका ओळीत संपते, पण डेरियनच्या माणसांचे नशीब याच सहा-आठ फुटांनी ठरवले. ते कसे, ते पुढे येईलच.

मूळचे रहिवासी ग्वाले जमातीचे. त्यांच्या वस्त्यांत स्पॅनिश धर्मप्रचारकांनी मिशन उभारली, ती पुढे मोडली. 1721 मध्ये इंग्रजांनी इथे फोर्ट किंग जॉर्ज नावाचा लाकडी किल्ला बांधला. फ्लोरिडातल्या स्पॅनिशांवर नजर ठेवायची होती. पण शत्रूच्या गोळीपेक्षा तापाने आणि हगवणीने जास्त शिपाई मेले आणि काही वर्षांतच फौज काढून घ्यावी लागली. आज त्याच जागी किल्ल्याची प्रतिकृती उभी आहे.

अठरा सह्या

1733 मध्ये जेम्स ऑगलथॉर्प या इंग्रज सेनानीने जॉर्जियाची वसाहत सुरू केली. तिचे विश्वस्त लंडनमध्ये होते आणि त्यांनी एक वेगळा नियम केला. या वसाहतीत गुलाम ठेवायचे नाहीत. नियमामागे दया थोडी आणि हिशेब जास्त होता. सीमेवर कष्ट करणारा आणि वेळ पडल्यास बंदूक उचलणारा शेतकरी हवा होता, गुलामांच्या जिवावर बसून खाणारा जमीनदार नको होता. शिवाय स्पॅनिश लोक पळून आलेल्या गुलामांना स्वातंत्र्य देत, त्याचीही धास्ती होती.

सीमेसाठी लढवय्ये पाहिजेत म्हणून ऑगलथॉर्पने स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून 177 माणसे आणवली. त्यांत बायकामुलेही होती. जानेवारी 1736 मध्ये ते अल्टमहाच्या काठी उतरले. त्याआधी सुमारे चाळीस वर्षांपूर्वी स्कॉटिश लोकांनी पनामाच्या डेरियन भागात वसाहत वसवण्याचा प्रयत्न केला होता आणि तो फार वाईट रीतीने फसला होता. त्या दुःखद आठवणीचेच नाव या गावाला दिले गेले. त्यांचा पुढारी होता जॉन मॅकिन्टॉश मोर.

तीन वर्षांत सव्हानाच्या लोकांनी कुरकुर सुरू केली. शेजारच्या दक्षिण कॅरोलायनात गुलाम आहेत, आम्हालाही द्या, नाहीतर शेती परवडत नाही, असा अर्ज त्यांनी केला. त्याला उत्तर म्हणून 3 जानेवारी 1739 रोजी डेरियनच्या अठरा जणांनी उलट अर्ज लिहिला. आम्हाला गुलाम नकोत, असे त्यांचे म्हणणे होते. कारणे त्यांनी व्यवहारातली दिली. स्पॅनिश जवळ आहेत, गुलाम पळून जातील. त्यांच्यावर पहारा ठेवण्यातच आमचा वेळ जाईल. ते विकत घेण्यासाठी कर्ज काढावे लागेल आणि सावकार आमच्या मानेवर बसेल. पण शेवटी त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली, ती हिशेबाच्या पलीकडची होती. माणसांची एक संपूर्ण जात आणि तिची पुढची सारी पिढी कायमच्या गुलामीत ढकलावी, हे माणसाच्या स्वभावालाच धक्का देणारे आहे, आणि एक दिवस हेच लोक आमच्यासाठी शिक्षा ठरतील, अशा आशयाचे ते म्हणणे होते.

1739 साल ध्यानात घ्या. अमेरिका नावाचा देश अजून जन्मायचा होता. त्या वसाहतींच्या दक्षिण भागात गुलामगिरीविरुद्ध इतक्या लवकर लिहिलेले दुसरे कागद फार थोडे आहेत. ऑगलथॉर्पने या लोकांना गुरे देण्याचे आश्वासन देऊन हा अर्ज करवला, असे काही इतिहासकार म्हणतात. असेलही. पण शेवटचे ते वाक्य गुरांसाठी लिहायची गरज नव्हती, असे मला वाटते.

पुढच्याच वर्षी, 1740 मध्ये, याच गावचे लोक ऑगलथॉर्पबरोबर फ्लोरिडावर चालून गेले आणि फोर्ट मोसे येथे कापले गेले. जॉन मॅकिन्टॉश मोर कैद झाला. फोर्ट मोसे हे ठाणे कुणाचे होते? इंग्रजांच्या मळ्यांवरून पळून स्पॅनिशांकडे स्वतंत्र झालेल्या आफ्रिकी लोकांचे. स्पॅनिश फौजेच्या खांद्याला खांदा लावून तेही त्या रात्री लढले.

भरतीने काय केले

1751 मध्ये जॉर्जियातली गुलामबंदी उठली आणि अल्टमहाच्या चिखलाला भाव आला.

भाताच्या शेतीला भरपूर गोडे पाणी लागते. भरती येते तेव्हा समुद्राचे जड खारे पाणी खालून आत घुसते आणि नदीचे हलके गोडे पाणी वर उचलले जाते. मुखापासून थोड्या आत, नेमक्या पट्ट्यात, दिवसातून दोनदा गोडे पाणी शेताच्या उंचीपर्यंत आपोआप चढते. बेटाभोवती बांध घालायचा, बांधात लाकडी उघाड्या बसवायच्या. भरतीला उघडले की पाणी आत, ओहोटीला उघडले की पाणी बाहेर. ना मोट, ना पंप. रायगड-रत्नागिरीच्या खार जमिनींचे बांध ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे चटकन कळेल. फरक इतकाच की आपला बांध खारे पाणी बाहेर ठेवण्यासाठी असतो, तिथला गोडे पाणी आत घेण्यासाठी होता.

पण हे बांध घालायचे कुणी? कमरेइतक्या चिखलात, डास आणि साप यांच्यामध्ये, मैलोन्‌मैल कालवे खणायचे. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर भातशेती पिढ्यान्‌पिढ्या होत होती. तिथून पकडून आणलेल्यांकडे हाताची ताकद होती आणि भाताचे ज्ञानही होते. ज्या नदीकाठी अठरा माणसांनी गुलाम नको म्हटले, तिथे पन्नास वर्षांत सारी शेती गुलामांच्या पाठीवर उभी राहिली. बाहेरच्या बेटांवर लांब धाग्याचा कापूस निघू लागला, त्यालाही इंग्लंडात चढा भाव होता. जॉन मॅकिन्टॉश मोरचा मुलगा लॅक्लन स्वतः भाताचा मळेवाला झाला. स्वातंत्र्ययुद्धाच्या तोंडावर, जानेवारी 1775 मध्ये, डेरियनच्या समितीने गुलामगिरीबद्दल नापसंती दाखवणारा ठराव केला. त्यात लॅक्लन पुढे होता आणि गुलाम त्याच्या घरीच होते.

1793 मध्ये काउंटी झाली, तिला या घराण्याचे नाव मिळाले. 1818 पासून डेरियन तिचे मुख्य ठिकाण आहे. त्याच साली तिथे बँक ऑफ डेरियन निघाली. आतल्या भागातला कापूस नदीतून येई आणि इथे जहाजात चढे. त्या वखारींच्या भिंती अजून धक्क्याजवळ उभ्या आहेत. कालवांच्या शिंपल्या भाजून चुना करायचा, त्यात वाळू, पाणी आणि अख्ख्या शिंपल्या मिसळून साच्यात ओतायचे, अशी ही भिंत बने. तिला तिकडे टॅबी म्हणतात. जवळ जाऊन पाहिले तर भिंतीत शिंपल्या मोजता येतात.

गावासमोरच्या बटलर बेटावर भाताच्या गिरणीचे विटांचे धुराडे अजून आहे. या मळ्याचा मालक पियर्स बटलर याची बायको फॅनी केम्बल इंग्लंडमधली नामवंत अभिनेत्री होती. 1838-39 च्या थंडीत ती इथे राहिली आणि जे पाहिले ते रोजनिशीत लिहीत गेली. बाळंतपणानंतर तीन आठवड्यांत शेतावर जुंपलेल्या बायका तिच्याकडे येऊन रडत. नवऱ्याला ते आवडले नाही, पुढे घटस्फोट झाला, मुली नवऱ्याकडे राहिल्या. रोजनिशी 1863 मध्ये छापली गेली. त्याआधी, मार्च 1859 मध्ये, कर्जात बुडालेल्या बटलरने चारशेहून अधिक माणसे सव्हानाच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दोन दिवसांत लिलावात काढली. ते दोन्ही दिवस पाऊस पडत होता. त्या लिलावाला लोक आजही ‘रडण्याची वेळ’ म्हणतात.

तेरा पाने

आता सॅपेलो. 1802 मध्ये या बेटाचा दक्षिण भाग थॉमस स्पॉल्डिंगने विकत घेतला. कापूस, ऊस, टॅबीची घरे, नवी यंत्रे या सर्वांत त्याचे डोके चाले. तो कायदेमंडळात होता, डेरियनच्या बँकेच्या उभारणीत होता, आणि आज तिथल्याच सेंट अँड्र्यूज कब्रस्तानात दफन आहे. त्याची आई मार्जरी ही मॅकिन्टॉश घराण्यातली. जॉन मॅकिन्टॉश मोरची ती नात. म्हणजे ज्याने 1739 च्या अर्जावर सही केली, त्याचा हा पणतू.

या पणतूच्या मळ्यावरच्या शेकडो गुलामांचा मुकादम होता बिलाली मुहम्मद.

बिलालीचा जन्म आजच्या गिनी देशातल्या फुटा जालोन या डोंगराळ प्रदेशातला, टिंबो गावचा. टिंबो त्या काळी मुस्लिम राज्याची राजधानी होती, तिथे मदरसे होते. तरुणपणी तो पकडला गेला, आधी बहामा बेटांवर विकला गेला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॅपेलोवर आला. बायको फीबी. मुलींची नावे मार्गारेट, हेस्टर, शार्लट अशी सांगतात, आणि त्याच यादीत फातिमा आणि मेदिना हीही आहेत. यांतली मालकाला सोयीची कोणती आणि बापाच्या मनातली कोणती, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

आपल्याकडच्या काही लेखांत बिलालीला एकदम वली करून टाकतात. मला ते पटत नाही. तो मुकादम होता. दुसऱ्या गुलामांकडून काम करवून घेणे ही त्याची नोकरी होती, आणि मुकादमाच्या हातात काय असते हे आपण जाणतो. 1812 च्या युद्धात मालकाने बेटाच्या रक्षणासाठी त्याच्या हाताखालच्या माणसांना बंदुका दिल्या, इतका त्याच्यावर विश्वास होता. 1824 च्या वादळात त्याने लोकांना टॅबीच्या पक्क्या इमारतींत नेऊन वाचवले, असे सांगतात. गुलामगिरीने माणसाला कुठल्या जागी उभे केले होते, ते त्याच्या या दोन बाजूंवरून दिसते. आणि त्याच जागी उभे राहून तो नमाज पढत होता, रोजे धरत होता, डोक्यावर टोपी घालत होता.

मृत्यूपूर्वी त्याने एक छोटी हस्तलिखित वही फ्रान्सिस गोल्डिंग या ख्रिस्ती धर्मोपदेशकाला दिली. हा गोल्डिंग डेरियनमध्ये राहत असे आणि मुलांसाठी पुस्तके लिहीत असे. वही तेरा पानांची, अरबी लिपीतली. घरच्यांनी ती जपली. 1931 मध्ये ती जॉर्जियाच्या राज्य ग्रंथालयात पोहोचली. वाचता कुणालाच येईना. गुलामाने लिहिले आहे म्हणजे रोजनिशी असेल, नाहीतर मळ्याचा हिशेब असेल, असे सर्वांनी धरून चालले होते. तिला ‘बेन अलीची डायरी’ असे नावही पडले.

पुढे नामवंत भाषाशास्त्रज्ञ झालेला जोसेफ ग्रीनबर्ग तेव्हा तरुण अभ्यासक होता. त्याने तिच्या प्रती नायजेरियातल्या कानो शहरी नेल्या आणि तिथल्या हौसा आलिमांपुढे ठेवल्या. तेव्हा उलगडा झाला. ती डायरी नव्हती, हिशेबही नव्हता. बिस्मिल्लाह आणि दरूदने सुरुवात, मग वजू कसा करावा, अजान कशी द्यावी, नमाजच्या वेळा. मालिकी फिक्हच्या ‘रिसाला’ या ग्रंथातले उतारे त्यात होते. हा ग्रंथ इब्न अबी झैद अल्‌-कैरवानी यांचा. ते ट्युनिसियातल्या कैरवान शहरचे आलिम होते आणि हिजरी 386 म्हणजे 996 साली त्यांचा इंतकाल झाला. कोकणातले आपण बहुतेक शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी. पश्चिम आफ्रिकेत मालिकी चालते, आणि ‘रिसाला’ तिथल्या मदरशात मुलांना लवकर शिकवतात.

वहीची लिपी मगरिबी वळणाची आहे. उर्दू-अरबी वाचणाऱ्यालाही ती पहिल्यांदा अडखळवते, कारण त्या वळणात ‘फे’चा नुक्ता खाली असतो आणि ‘काफ’ला वर एकच नुक्ता असतो. शिवाय शुद्धलेखन जागोजागी चुकले आहे, वाक्ये मध्येच तुटतात, काही मजकूर आजही लागत नाही. अभ्यासकांना हा दोष वाटला. मी शिक्षक आहे, मला ती विद्यार्थ्याची वही वाटते. लहानपणी उस्तादापुढे बसून जे पाठ केले, ते समोर ना किताब ना उस्ताद, कित्येक वर्षांनी आठवून लिहिले, तर असेच लिहिले जाईल. शब्द कानात राहिले, स्पेलिंग राहिले नाही. पोरांच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला हा फरक चांगला कळतो. 1829 मध्ये जॉर्जियाने गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे हा गुन्हा ठरवला. इंग्रजीची पाटी त्यांच्या हातात येऊ नये याची सोय कायद्याने केली. बिलाली मात्र लिहायला शिकूनच आला होता.

1930 च्या दशकात सरकारी योजनेतून काही लेखक या किनाऱ्यावरच्या वृद्धांच्या आठवणी टिपत फिरले. ‘ड्रम्स अँड शॅडोज’ नावाने ते पुस्तक 1940 मध्ये निघाले. त्यात बिलालीच्या पुढच्या पिढ्यांतली म्हातारी माणसे बोलतात. बिलाली आणि फीबी हातात मण्यांची माळ घेऊन सूर्योदयाला प्रार्थना करत, अशी आठवण त्यांत आहे. आणि एका पदार्थाची कृतीही आहे. तांदूळ धुऊन रात्रभर भिजत ठेवायचे, सकाळी उखळात मुसळाने कांडून त्यांचा लगदा करायचा, मध किंवा साखर घालून हातानेच चपटे गोळे थापायचे. वर्षातून एका ठराविक दिवशी आजी ते करी, मुलांना रांगेने वाटी, आणि त्याला ‘सराका’ म्हणे. सदका हा शब्द तीन पिढ्यांनंतर त्या मुलांच्या तोंडी खाऊचे नाव होऊन राहिला होता. आजी कशासाठी वाटते, हे त्यांना ठाऊक नव्हते. तोवर ती सर्व कुटुंबे बॅप्टिस्ट झाली होती.

आग, मग जमीन

यादवी युद्धात, 11 जून 1863 रोजी, उत्तरेच्या फौजेने डेरियन जाळले. गाव जवळजवळ रिकामे होते, प्रतिकार नव्हता. जाळणाऱ्यांत 54 व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीचे कृष्णवर्णीय शिपाईही होते. हुकूम कर्नल माँटगोमेरीचा होता. पलटणीचा तरुण कर्नल रॉबर्ट शॉ याला ते लाजिरवाणे वाटले आणि त्याने तसे घरी कळवले. महिनाभरात फोर्ट वॅग्नरच्या हल्ल्यात तो मारला गेला. त्याच्या घरच्यांनी पुढे डेरियनचे चर्च पुन्हा बांधायला मदत पाठवली. ‘ग्लोरी’ या 1989 च्या चित्रपटात गाव जाळण्याचा तो प्रसंग आहे.

जानेवारी 1865 मध्ये जनरल शर्मनने हुकूम काढला की चार्ल्सटनपासून दक्षिणेची बेटे आणि भातशेतीचा किनारा मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकराने द्यावा. काही महिन्यांत राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने तो फिरवला, जमिनी जुन्या मालकांना परत गेल्या. ट्यूनिस कॅम्पबेल हा न्यू जर्सीत जन्मलेला कृष्णवर्णीय पुढारी बेटांवर वस्त्या बसवत होता. त्याला तिथून काढले, तर त्याने मॅकिन्टॉश काउंटीत जमीन घेऊन लोक वसवले, राज्याच्या सिनेटवर निवडून गेला, डेरियनमध्ये न्यायाधिकारी झाला. अखेर 1876 मध्ये त्याला दोषी ठरवून कैद्यांच्या टोळीत मजुरीला धाडले. तेव्हा त्याचे वय साठीच्या पुढे होते. त्याच साली गावात मुक्त झालेल्या लोकांसाठी टॅबीचे सेंट सिप्रियन चर्च उभे राहिले. सिप्रियन हा कार्थेजचा बिशप, म्हणजे तोही आजच्या ट्युनिसियाचाच.

त्यानंतर लाकडाचा जमाना आला. पाइन आणि सायप्रसचे ओंडके तराफ्यांनी नदीतून येत आणि जगभर जात. जंगले संपली तसा तो धंदाही 1920 च्या सुमारास संपला. मग कोळंबीच्या होड्या आल्या, त्या अजून आहेत. उत्तरेकडून फ्लोरिडाला जाणारा रस्ता गावातून जाई, 1970 च्या दशकात नवा महामार्ग बाहेरून गेला आणि तेही गिऱ्हाईक गेले.

एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. ऑगस्ट 1899 मध्ये हेन्री डेलेगल या कृष्णवर्णीय माणसाला आरोपावरून डेरियनच्या तुरुंगात टाकले. त्या काळात अशा कैद्याला हलवायचे म्हणजे वाटेत जमावाच्या हाती देण्यासारखेच होते. तुरुंगाजवळ कृष्णवर्णीयांचे चर्च होते. शेरिफ कैद्याला न्यायला आला की चर्चची घंटा वाजे आणि शेकडो माणसे तुरुंगाभोवती जमत. शेवटी गव्हर्नरने फौज पाठवली, तिच्या बंदोबस्तात त्याला सव्हानाला नेले. खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. घंटा वाजवणाऱ्यांवर मात्र दंगलीचे खटले झाले, कित्येकांना शिक्षा झाल्या. इतिहासात या घटनेला ‘डेरियनचे बंड’ म्हणतात. बंड कशाचे, ते नाव देणाऱ्यांनाच माहीत.

सॅपेलोवर मुक्त झालेल्या लोकांनी पै-पै जमवून जमिनी विकत घेतल्या, पाच-सहा वाड्या वसवल्या. 1934 मध्ये तंबाखूच्या धंद्यातला धनाढ्य आर. जे. रेनॉल्ड्स धाकटा याने बेटाचा बहुतेक भाग घेतला आणि लोकांना एकेका वाडीतून उठवून हॉग हॅमक या एकाच वस्तीत आणले. आज बेटाचा जवळजवळ सारा भाग राज्य सरकारचा आहे. हॉग हॅमकची सुमारे 430 एकर जमीन तेवढी उरली, आणि कायम राहणारी काही डझन माणसे. ही मंडळी गीची म्हणवतात, त्यांची बोली आफ्रिकी भाषांचे वळण घेतलेली आहे. बिलालीच्या वंशातल्या कॉर्नेलिया वॉकर बेली यांनी 2000 साली पुस्तक लिहून हे सारे जगापुढे ठेवले. 2017 मध्ये त्या वारल्या. बेटावर शाळा नाही, मुले फेरीबोटीने किनाऱ्यावर शिकायला येतात.

त्यांच्या जमिनींची अडचण आपल्याला ओळखीची वाटेल. पणजोबाच्या नावावर दहा-वीस एकर, मृत्युपत्र नाही, वारस अमेरिकाभर पांगलेले. सातबारावर पंचवीस नावे असली की काय होते, हे कुठल्याही मराठी शेतकऱ्याला विचारा. एका वारसाने हिस्सा विकला की बाहेरचा माणूस आत येतो. 2012 च्या सुमारास घरपट्टी एकदम कित्येक पटींनी वाढली. आणि सप्टेंबर 2023 मध्ये डेरियनच्या सभागृहात काउंटीच्या कमिशनरांनी नियम बदलला. हॉग हॅमकमध्ये घर 1,400 चौरस फुटांपर्यंतच बांधता येत असे, ती मर्यादा 3,000 वर नेली. घरे मोठी झाली की श्रीमंतांचे बंगले येणार, जमिनीचा भाव चढणार, पट्टी चढणार, आणि जुन्यांना विकून जावे लागणार, असे रहिवाशांचे म्हणणे. नियमावर सार्वमत घ्या म्हणून त्यांनी सह्या गोळा केल्या. काउंटी कोर्टात गेली, मतदान सुरू झालेले असताना ते थांबवले गेले. सप्टेंबर 2025 मध्ये जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला. असे सार्वमत मागण्याचा अधिकार मतदारांना आहे, असे न्यायालयाने म्हटले.

मधल्या काळात, 19 ऑक्टोबर 2024 रोजी, बेटावरच्या वार्षिक सांस्कृतिक दिवसाला आलेले लोक परतीच्या बोटीसाठी धक्क्यावर उभे होते. सरकारने तीनच वर्षांपूर्वी बसवलेला धक्क्याचा ॲल्युमिनियमचा उतार मोडला आणि सात माणसे गेली. सगळी वयस्कर होती.

आपल्या वाचकांपैकी कुणाची मुले-सुना अटलांटाकडे नोकरीला असतील. तिथून डेरियन मोटारीने साडेचार-पाच तासांवर आहे. गावापासून थोडे उत्तरेला मेरिडियन नावाचा धक्का आहे, तिथून सॅपेलोची बोट सुटते, सुमारे अर्ध्या तासाचा प्रवास. मनाला येईल तेव्हा जाता येत नाही. सरकारी सहलीत आधी नाव नोंदवावे लागते, किंवा बेटावरच्या कुणाचे पाहुणे असावे लागते. बिलालीची वही पाहायला मात्र बेटावर जाऊ नये. ती अथेन्स या गावी, जॉर्जिया विद्यापीठाच्या दुर्मीळ ग्रंथांच्या ग्रंथालयात ठेवलेली आहे. तिथे अटलांटाहून दीड तासात पोहोचता येते. वाचता येणारे कुणी बरोबर असेल तर ‘फे’ आणि ‘काफ’चे नुक्ते आधी समजावून घ्यावेत, म्हणजे वजूचे पान सापडायला वेळ लागणार नाही.